हे नेमकं कोणासाठी सांगितलंय?

नमस्कार ताई,

मी ५४ वर्षांची. मिरजेत पोळी-भाजी केंद्र चालवते. गेल्या वर्षी शुगर निघाली. तेव्हा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९ होतं, आता ७.६ आहे. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, अशा गोळ्या आहेत. डॉक्टर मनानं चांगले, पण बाहेर एवढे पेशंट बसलेले असतात की बोलायला वेळच मिळत नाही. म्हणून रात्री कामं आटोपली की मी मोबाइलवर बघत बसते. एका व्हिडिओत मेटफॉर्मिननं किडनी जाते असं बघितलं आणि घाबरून दोन आठवडे ती गोळी बंद ठेवली. उपाशीपोटीची शुगर १९० झाली, मग गुपचूप परत सुरू केली. नंतर भिशीच्या ग्रुपवर ‘दिवसातून दोनदाच जेवा’ असं आलं. मी नाश्ता बंद केला, गोळ्या मात्र घेत होते. चौथ्या दिवशी साडेअकराला पोळ्या लाटताना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. कामाला असलेल्या मुलीनं साखर-पाणी पाजलं तेव्हा बरं वाटलं. हे घरी कुणाला सांगितलं नाही. ‘९० दिवसांत शुगरमुक्त’ म्हणणारं एक चूर्णही २,४०० रुपयांना मागवलंय, अजून फोडलं नाही. मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तो तिकडच्या लिंक पाठवतो, नाहीतर ‘एआयला विचार’ म्हणतो. डॉक्टरांकडे व्हिडिओचा विषय काढला तर ‘ते गूगलचं माझ्यापुढं आणू नका’ म्हणाले. खरं कुणाचं मानू? का बघणंच बंद करू?

– एक वाचक, मिरज

ताई,

बघणं बंद करू नका. त्याबद्दल सविस्तर बोलूच, पण त्याआधी साडेअकराच्या त्या घामाचं बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि ती तुम्ही अजून कुणालाच सांगितलेली नाही.

त्या वेळी तुम्ही शुगर मोजली नव्हती, पण घाम, थरथर, अंधारी आणि साखर पोटात गेल्यावर लगेच उतार पडणं, ही सगळी लक्षणं शुगर एकदम खाली गेल्याची आहेत. कारणही तुमच्याच पत्रात आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही खाल्लंय की नाही, हे तिला कळत नाही. ती पोटात गेली आणि वर नाश्ता नाही, त्यात तव्यासमोर उभं राहून तीन-चार तासांचं अंगमेहनतीचं काम. शुगर उतरणारच होती.

तेव्हा उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा किंवा जाऊन या आणि हे जसं घडलं तसं सांगा. त्यांच्या दृष्टीनं ही फार मोलाची माहिती आहे, तिच्यावरून ते गोळीचा डोस किंवा वेळ बदलू शकतात. तोपर्यंत नाश्ता टाळू नका. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५४ च्या खाली धोक्याची. पुन्हा तसं वाटलं तर हातातलं काम सोडून बसा, जमलं तर लगेच मोजा, आणि तीन छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर आली नसेल तर तेवढीच साखर परत घ्या. वर आली की पोळी-भाजी किंवा असंच काहीतरी पोटभरीचं खा, कारण या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि नुसत्या साखरेवर वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. शुगर-फ्रीची पुडी इथं कामाची नाही, खरी साखरच लागते. कामाला असलेल्या त्या मुलीलाही हे शिकवून ठेवा. ती प्रसंगावधानी आहे. तिला एवढं मात्र नक्की सांगा, की तुम्ही शुद्धीवर नसाल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन करायचा. आणि घरी सांगा. रात्री झोपेत शुगर उतरली तर शेजारी असलेल्या माणसाला ती ओळखता आली पाहिजे.

आता त्या ग्रुपवरच्या सल्ल्याकडे येऊ. तो धादांत खोटा होता का? नाही. तुमच्या भिशीतली एखादी मैत्रीण फक्त मेटफॉर्मिन घेत असेल आणि तिनं नाश्ता बंद केला असता, तर तिला भूक लागली असती, चिडचिड झाली असती, फारतर डोकं दुखलं असतं. मेटफॉर्मिन एकटं असताना शुगर सहसा अशी खाली जात नाही. कदाचित वजन उतरून तिला फायदाही झाला असता. तोच सल्ला तुमच्या हातात ग्लिमेपिराइडची गोळी असताना धोक्याचा ठरला. ज्यानं तो लिहिला त्याला तुमचं प्रिस्क्रिप्शन ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असणं शक्यही नव्हतं.

म्हणून माझं तुम्हाला एकच मागणं आहे. मोबाइलवर शुगरबद्दल काहीही दिसलं, की ते खरं का खोटं हे ठरवायला बसू नका. ते ठरवणं डॉक्टरांनाही कधीकधी जड जातं. आधी एवढंच विचारा: हे नेमकं कोणासाठी सांगितलंय? किती वयाच्या, किती वर्षं डायबिटीज असलेल्या, कोणत्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी? त्या माणसात आणि माझ्यात फरक काय? ज्या व्हिडिओत याचं उत्तरच नसतं, ‘सगळ्या शुगरवाल्यांनी’ एवढंच असतं, तो तिथंच बंद करायला हरकत नाही.

मेटफॉर्मिनची अफवा याच प्रश्नाला लावून बघा. ही गोळी काल-परवाची नाही. फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ मध्ये तिचा डायबिटीजवरचा उपयोग प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा वजन जास्त असलेल्या रुग्णांत ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि मृत्यू कमी झालेले दिसले. मग किडनीची गोष्ट आली कुठून? ही गोळी शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचं असतं. किडनी आधीच दुबळी झाली असेल तर औषध साठत जातं. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, कमी होत गेला की डॉक्टर डोस उतरवतात, आणि तो ३० च्या खाली गेला की गोळी बंदच करतात. आता घरच्यांना काय दिसतं? काकांची किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन थांबवलं. चार घरं फिरून ही गोष्ट परत येते तेव्हा मेटफॉर्मिननं काकांची किडनी बिघडलेली असते. खरं तर किडनीचं नुकसान करतात ते वर्षानुवर्षं चढी राहिलेली शुगर आणि चढं राहिलेलं बीपी. तुम्ही दोन आठवडे गोळी बंद ठेवून १९० वर गेलात, ते किडनी वाचवण्यासाठी. याचं मला फार वाईट वाटलं, कारण तुमचा हेतू स्वतःला जपण्याचाच होता.

या गोळीबद्दल जे विचारायला हवं ते वेगळंच आहे. बरीच वर्षं घेतली तर काही जणांचं बी१२ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून ते अधूनमधून तपासावं लागतं. पोट बिघडत असेल तर जेवणाबरोबर घ्यावी किंवा हळूहळू विरघळणारी गोळी मागावी. आणि तुमचा ईजीएफआर किती, हे विचारावं. बहुतेक लॅब तो क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर छापतातच. तो आकडा ठीक असेल तर किडनीच्या धास्तीनं ही गोळी सोडायचं काही कारण नाही.

तो व्हिडिओ कोणी केला होता, हे तुम्ही लिहिलं नाही. पण अशा व्हिडिओंची एक ठरलेली चाल असते: आधी चालू गोळीची भीती घालायची, आणि घाबरलेल्या माणसापुढं लगेच स्वतःची बाटली धरायची. आता तर चेहरासुद्धा खरा लागत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला बेकर हार्ट अँड डायबिटीज इन्स्टिट्यूट ही नावाजलेली संशोधन संस्था आहे. तिला डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे लोकांना सावध करावं लागलं, की आमच्या तज्ज्ञाचं रूप आणि आवाज घेऊन एआयनं बनवलेले व्हिडिओ फिरताहेत आणि त्यांतून एक सप्लिमेंट विकलं जातंय. त्यातही बदनामी मेटफॉर्मिनचीच होती. आपल्याकडेही मोठ्या डॉक्टरांच्या तोंडी असली वाक्यं घातलेले व्हिडिओ येतात. व्हिडिओतला माणूस ओळखीचा आहे, पांढरा कोट घातलाय, म्हणून विश्वास ठेवायचे दिवस गेले. बोलणं संपताना ऑर्डरची लिंक येत असेल तर आधीचं सगळं बोलणं त्या लिंकसाठी होतं असं समजा.

तुमचं चूर्ण याच वाटेनं आलंय. भारतात औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. ज्या आजारांवर ‘बरा करतो’ अशी जाहिरात करायला या कायद्यानं बंदी आहे, त्यांच्या यादीत डायबिटीज नावानिशी आहे. म्हणजे ‘९० दिवसांत शुगरमुक्त’ ही जाहिरात जो करतो, तो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो. अशा माणसानं डब्यात काय भरलंय यावर भरवसा कसा ठेवायचा? डब्यावर लिहिलेलं नसतं असं औषध आत सापडल्याच्या घटना जगात अनेकदा घडल्यात. सिंगापूरमध्ये २००८ साली चोरून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड निघालं. ज्यांना डायबिटीज नव्हता अशी माणसं शुगर उतरून दवाखान्यात आली, काही कोमात गेली, काही दगावली. ग्लिबेनक्लामाइड ही तुमच्या ग्लिमेपिराइडच्याच जातकुळीतली गोळी आहे. समजा तुमच्या चूर्णात असलं काही असेल आणि तुम्ही ते चालू गोळ्यांवर घेतलं, तर साडेअकराचा तो प्रसंग किती वाढू शकतो याचा विचार करा. ते फोडू नका. परत घेत असतील तर परत करा. नसतील घेत, तर डबा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्या. जाहिरातीची तक्रार मुंबईच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडेही करता येते. त्यांनी ओटीपी किंवा कार्डाचा नंबर काढून घेऊन आणखी पैसे उकळले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, तोही लगेच.

याचा अर्थ कारलं, मेथी, जांभूळ यांच्याशी माझं वैर आहे असा नाही. कारल्याची भाजी करा, मेथ्या भिजवून खा, हंगामात जांभळंही माफक खा. जेवण म्हणून ते सगळं चांगलं आहे. गोळीच्या जागी ते ठेवायचं म्हटलं की मात्र माझी हरकत सुरू होते. आयुर्वेदाचे उपचार घ्यायची इच्छा असेल तर नोंदणी असलेल्या वैद्यांकडे समोर जाऊन घ्या. त्यांना या गोळ्यांची यादी दाखवा आणि डॉक्टरांना त्यांच्या औषधांची.

मुलाच्या लिंकबद्दल. मुलगा लांब असून आईच्या रिपोर्टची काळजी करतो हे किती छान आहे! त्याच्या लिंक बऱ्याचदा चांगल्याच असणार, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची, माहिती साधी आणि विश्वासाची असते. पण तिथंही तोच प्रश्न विचारायचा. सगळ्यात आधी आकडे. आपल्याकडे शुगर मिलिग्रॅममध्ये सांगतात, तिकडे मिलिमोलमध्ये. तिकडचा आकडा १८ नं गुणला की आपला येतो. तिकडे उपाशीपोटी ७ म्हणजे आपले १२६. एचबीए१सीसुद्धा ते वेगळ्या मापात लिहितात: आपलं ६.५ टक्के म्हणजे त्यांचे ४८, तुमचं ७.६ म्हणजे साधारण ६०. तुम्ही आणि तो फोनवर दोन वेगवेगळ्या मापांत बोलत असाल तर दोघंही विनाकारण घाबराल, किंवा त्याहून वाईट म्हणजे विनाकारण निर्धास्त व्हाल.

दुसरं म्हणजे अंगकाठी. तिकडच्या सर्वसाधारण तक्त्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ पर्यंत ठीक मानतात. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढंच वजन जास्त धरतात, आणि याचं कारण समजावण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, अशी आपल्यातल्या अनेकांची ठेवण असते. त्यामुळं लीड्सच्या तक्त्यात तुम्ही ‘नॉर्मल’मध्ये बसलात तरी डॉक्टरांना कंबरेचा घेर मोजायला सांगा.

आणि तिसरं, ‘डायबिटीज रिव्हर्स होतो’ ही बातमी. मुलानं ती पाठवली नसेल तर लवकरच पाठवेल. तिच्यामागं एक चांगला अभ्यास आहे, म्हणून तिला मी थोडी जास्त जागा देते. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींच्या सूप आणि शेकवर ठेवलं, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबिटीजच्या रेषेखाली राहिली. ही खरोखर मोठी गोष्ट आहे, पूर्वी असं होईल असं कुणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं. पण हे लोक कोण होते? २० ते ६५ वयाचे, निदान होऊन सहा वर्षं उलटलेली नाहीत, इन्सुलिनवर नाहीत, बीएमआय २७ ते ४५, आणि जवळजवळ सगळे गोरे. शिवाय त्यांच्या शुगरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, त्याही देखरेखीखाली, आणि वर्षभर नर्स किंवा आहारतज्ज्ञ त्यांच्या मागं होते. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला, म्हणजे काही जणांची शुगर परतली. आता तुमच्याकडे बघा. निदानाला एकच वर्ष झालंय, इन्सुलिन नाही. वजन जास्त असेल तर या बातमीत तुमच्यासाठी खरोखर आशा आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मी पाच-सात किलो उतरवले तर माझ्या गोळ्या कमी होतील का? कशा कमी करायच्या?’ घरच्या घरी गोळी चालू ठेवून कमी खायला लागलात, तर काय होतं ते तुम्ही एकदा भोगलं आहेच.

कधीकधी ‘कोणासाठी’ हा प्रश्न अख्खी बातमी उलटी करतो. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की वजन कमी करायला शुगर-फ्रीसारखे साखरेविना गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत. डायबिटीजच्या ग्रुपांमध्ये यावरून घबराट झाली. पण त्याच निवेदनात लिहिलं होतं, की ज्यांना आधीपासून डायबिटीज आहे त्यांना ही शिफारस लागू नाही. मथळ्यात ते वाक्य नव्हतं.

मोजण्याच्या यंत्रांबद्दलही दोन शब्द, कारण पुढची जाहिरात तुम्हाला त्याचीच येईल. न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. असली साधनं वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलंय, त्यांनी अशा एकाही घड्याळाला मान्यता दिलेली नव्हती. साधा, बोट टोचायचा ग्लुकोमीटर तुम्हाला पुरे. आणि मीटरवर १४० आले, लॅबमध्ये १५२ आले म्हणून मीटर फेकून देऊ नका. चांगल्या मीटरलाही मानकांप्रमाणे १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते. हात धुऊन, कोरडे करून टोचा. कणीक किंवा गूळ लागलेल्या बोटानं आकडा भलताच येतो, तुमच्या कामात हे सहज होऊ शकतं.

‘एआयला विचार’ या सल्ल्याला मी नाक मुरडणार नाही. रिपोर्टमधला एखादा शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नीट मांडायला, इंग्रजी माहिती मराठीत वाचायला त्याचा उपयोग होतो. पण ते चुकतं तेव्हाही तितक्याच ठाम आवाजात चुकतं, आणि तुम्ही ज्या गोळ्या सांगायला विसरलात त्या त्याला माहीत नसतात. डोस किती घ्यायचा, कोणती गोळी थांबवायची, हे त्याला विचारायचं नाही. विचारतानाही ‘मेटफॉर्मिननं किडनी खराब होते ना?’ असं विचारू नका. तसं विचारलं की गूगल असो की एआय, तुमच्या भीतीला दुजोरा देणाऱ्या गोष्टी आधी पुढ्यात येतात. ‘मेटफॉर्मिन आणि किडनी, कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये’ असं विचारा, उत्तर किती बदलतं ते बघा. आणि पानावरची तारीख बघा. लिहिणारा स्वतःला डॉक्टर म्हणवतो तर त्याचा नोंदणी क्रमांक दिलाय का, हेही बघा. भारतात ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो दाखवावा असा २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांचा नियम आहे.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. हा गोंधळ तुमच्या अडाणीपणामुळं झालेला नाही. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबिटीज आहे, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासातून २०२३ मध्ये पुढं आलं. त्यांतल्या मराठी वाचणाऱ्या माणसानं रात्री मोबाइल उघडला, तर नीट तपासलेली, साध्या मराठीतली माहिती त्याला सहजी सापडत नाही. चांगलं ते बहुतेक इंग्रजीत, आणि मराठीत ढीग पडलेला असतो तो विकणाऱ्यांचा. ज्यांना रोजच्या रोज ही माहिती लागते त्यांनाच ती सगळ्यात वाईट मिळते, आणि वर ‘गूगल करू नका’ हेही त्यांनीच ऐकायचं, हे मला पटत नाही. डॉक्टरांची वैतागण्याची कारणं मला समजतात, दिवसभर त्यांच्यापुढं फॉरवर्डच येत असतात. पण माणूस वाचतो ते त्याला जगायचं असतं म्हणून.

ग्रुप सोडू नका, हेही सांगते. लग्नाच्या पंगतीत काय वाढून घ्यायचं, एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी काय करायचं, स्ट्रिपा कुठं स्वस्त मिळतात, सासूबाईंना ‘गोड नको’ कसं म्हणायचं, हे ज्यांच्या घरात शुगर आहे तीच माणसं चांगलं सांगतात. आणि आपण एकटेच नाही, हे कळणं ही काही लहान गोष्ट नाही. गोळीचा विषय निघाला की मात्र तिथं हात जोडायचे.

डॉक्टरांशी कसं बोलायचं ते सांगते. ‘मी व्हिडिओ बघितला’ इथून सुरुवात केली की ते व्हिडिओशी भांडायला लागतात. स्वतःपासून सुरू करा. एका कागदावर चार ओळी लिहून न्या: नाश्ता न करता गोळी घेतली, साडेअकराला असं झालं, दोन आठवडे मेटफॉर्मिन बंद ठेवलं होतं, किडनीची भीती वाटली म्हणून, माझा ईजीएफआर किती आहे, वजन उतरवलं तर गोळ्या कमी होतील का. सोबत आठवडाभर मोजलेल्या शुगरचे आकडे वेळेसकट. हे वाचायला एक मिनिट पुरतं, आणि यातलं सगळं तुमच्याबद्दलचं आहे, त्याला कुणी ‘गूगलचं’ म्हणू शकणार नाही. गोळी बंद ठेवल्याचं लपवू नका. ते कळलं नाही तर डॉक्टरांना वाटेल की औषध कमी पडतंय, आणि ते डोस वाढवतील. एवढं करूनही ऐकून घेतलं नाही, तर दुसरे डॉक्टर बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा मोफत सल्लाही मिळतो.

शेवटी जे तुम्हाला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नसेल ते. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायचं असतं, किडनीला त्रास सुरू होतोय का ते त्यात सगळ्यात आधी कळतं. तळपायांची संवेदना तपासून घ्यायची असते. तुम्ही तासन् तास उभ्या असता, रोज रात्री तळवे बघत जा, चीर, फोड, भाजल्याचा डाग असेल तर दाखवा. आणि डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो, तोही दिसण्यात काही फरक पडला नसला तरी. टाइप २, म्हणजे बहुतेकांना असतो त्या प्रकारच्या डायबिटीजमध्ये, ही तपासणी निदान झाल्याबरोबर करायची असते, तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर आता लांबवू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. बाहुली मोठी करायला डोळ्यांत थेंब घालतात, त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी केंद्र दुसऱ्या कुणाकडे सोपवा, नाश्ता करून, गोळ्या घेऊन निघा, आणि सोबत घरातल्या कुणाला तरी घेऊन जा.